स्तन-पुनर्रचनेनंतरची जखम: तालुक्याला काय सांभाळायचं, कधी परत पाठवायचं?

तालुका_ओपीडी

स्तनाच्या कॅन्सरसाठी पूर्ण स्तन काढून त्याच भुलीत पुनर्रचनाही करून घेतलेल्या बायका हल्ली ड्रेसिंगला तालुक्याच्या दवाखान्यात यायला लागल्या आहेत. ऑपरेशन मुंबई-पुण्याला, दर दोन दिवसांनी तिकडे जाणं परवडत नाही. डिस्चार्ज कार्डावर 'एक दिवसाआड ड्रेसिंग, ड्रेन चार्ट ठेवणे, दहा दिवसांनी दाखवणे' एवढंच लिहिलेलं असतं (ड्रेन म्हणजे जखमेत साठणारं पाणी बाहेर काढणारी नळी). गळू, सिझेरियनची जखम, मधुमेही पाय यांचे आडाखे इथे लावायला भीती वाटते.

नेमकं विचारायचंय ते असं. लाली दिसली तर गोळ्या देऊन किती तास थांबायचं? ड्रेन कधी काढायचा आणि तो आत असेपर्यंत अँटिबायोटिक चालू ठेवायचं का? ड्रेन काढल्यावर पाणी साठलं तर सुईने इथेच काढलेलं चालतं का? टाक्यांच्या कडेची कातडी काळी पडली तर कापायची की ठेवायची? आणि कल्चर (जंतू वाढवून ओळखायची तपासणी) पाठवायचं तर नेमकं कशाचं?

सुईदोरा

आधी कार्डावर एकच गोष्ट शोधा: आत काय ठेवलंय. सिलिकॉनचा इम्प्लांट, एक्सपांडर (टप्प्याटप्प्याने सलाईन भरून फुगवायची पिशवी), की तिचंच मांस, म्हणजे पोटाचा डीआयईपी किंवा ट्रॅम फ्लॅप, पाठीचा लॅटिसिमस फ्लॅप. कार्डावर नसेल तर फोन करून विचारा. तुमच्या पाचातल्या चार प्रश्नांची उत्तरं यावरच बदलतात.

फ्लॅपला रक्तपुरवठा आहे. तिथे दोन सेंटिमीटर टाके उसवले, थोडा पू आला, तर ती नेहमीच्या जखमेसारखीच जखम. औषध रक्तातून पोचतं, आतून मांस भरतं, तुमच्या ड्रेसिंगरूममध्ये ती बरी होऊ शकते. इम्प्लांटला रक्त नाही. जंतू त्याच्या पृष्ठभागावर चिकटून स्वतःभोवती चिकट थर करतात, बायोफिल्म. गोळ्यांनी वरच्या कातडीतली लाली जाते, आतला थर तसाच राहतो. म्हणून 'गोळ्या चालू तोवर बरं, बंद केल्या की चार दिवसांत परत लाल' असं कोणी सांगितलं आणि आत इम्प्लांट असेल, तर दुसऱ्या गोळ्यांचा कोर्स लिहू नका. तिला परत पाठवा.

लालीबद्दल. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर लाली पुस्तकातल्यासारखी गुलाबी दिसत नाही. ती काळपट-जांभळट, तकतकीत दिसते, कधी संत्र्याच्या सालीसारखी खरखरीत. त्यामुळे हाताची मागची बाजू दोन्हीकडे आळीपाळीने लावून ऊब बघा. दुखत नाही याने निर्धास्त होऊ नका: स्तन काढताना कातडीच्या नसा कापल्या जातात, तिथे संवेदनाच नसते. लालीच्या कडेने पेनाने रेघ मारा, शेजारी तारीख आणि वेळ लिहा. मग तिला पाठीवर आडवं करून पंधरा-वीस मिनिटांनी परत बघा. आडवं झाल्यावर लाली बरीच ओसरली तर ती सुजेमुळे असण्याची शक्यता जास्त.

इम्प्लांट किंवा एक्सपांडर असताना ताप नाही, पाणी साठलेलं नाही, जखम बंद आहे, लाली मर्यादित आहे, तर सर्जनशी बोलून तोंडी औषध सुरू करा आणि २४ तासांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघा. रेघ ओलांडली तर त्याच दिवशी पाठवा. रेघेच्या आत राहिली पण ४८ तासांत मागे हटली नाही, तरी पाठवा, शिरेतून औषध लागणार. पाच दिवसांचा कोर्स संपेपर्यंत थांबणं इथे बसत नाही. १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, पू, उघडलेला टाका, अचानक एकाच बाजूला वाढलेला आकार, यातलं काहीही असेल तर २४ तासही नाहीत. आणि उलट्या-जुलाब, अंगभर उन्हाने भाजल्यासारखी लाली, उतरलेलं बीपी असं एकत्र दिसलं तर जखम कितीही साधी दिसो, तो टॉक्सिक शॉक समजून सलाईन लावून, शिरेतून अँटिबायोटिक सुरू करून गाडीत घाला. क्वचित होतं, पण त्यात जखम फसवते.

एक अपवाद माहीत असू द्या. इम्प्लांटला आधार म्हणून खालच्या बाजूला मॅट्रिक्सचा तुकडा (एडीएम, पेशी काढून तयार केलेली कातडी) शिवलेला असेल तर नेमकी तेवढ्याच भागावर लाली येते, ताप नाही, ऊब नाही, रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल. ती संसर्गाविना येते आणि आपोआप जाते. पण हे निदान बाकी सगळं वगळल्यावरचं आहे, ते सर्जनलाच करू द्या.

काळ्या कातडीबद्दल. स्तनाचा गाभा काढल्यावर वर जी कातडी उरते ती काही मिलिमीटर जाडीची, आणि तिला रक्त मिळतं ते कातडीखालच्या बारीक जाळ्यातून. टाक्यांची कड त्या जाळ्याच्या शेवटच्या टोकाला, म्हणून मरते ती आधी कड. वरवरचं असेल तर फोड येतो, साल निघते, खाली गुलाबी ओलसर दिसतं. ते भरतं. पूर्ण जाडीचं असेल तर कातडी चामड्यासारखी कडक, काळी होते, टोचलं तर रक्त येत नाही. मेलेल्या-जिवंत भागातली सीमा स्पष्ट व्हायला सात ते चौदा दिवस लागतात. खाली फ्लॅप असेल तर कोरडी खपली कोरडीच ठेवा, तीच झाकण. खाली इम्प्लांट असेल तर त्याच दिवशी फोटो पाठवा, कारण खपली सुटली की खाली थेट इम्प्लांट दिसतो. त्याआधीच कड काढून टाके घालता आले तर इम्प्लांट वाचतो. दोन्ही बाबतीत ब्लेड तुम्ही लावू नका.

कातडी मरायला तंबाखू फार मोठं कारण. 'सिगारेट ओढता का' विचारलं की उत्तर नाही येतं. 'दात कशाने घासता' विचारा. मिश्रीतलं निकोटिनही हिरड्यांतून रक्तात जाऊन त्याच बारीक रक्तवाहिन्या आवळतं. ऑपरेशनआधी किमान चार आठवडे आणि नंतरही तेवढेच बंद हवं. मिश्री लावणारी बाई स्वतःला तंबाखू खाणारी समजत नाही, त्यामुळे कागदावर हे कुठेच आलेलं नसतं.

वॉर्डसिस्टर

ड्रेनबद्दल मी लिहिते, कारण निम्म्या भानगडी तिथेच होतात.

आपल्याकडे बहुतेक वेळा रोमोव्हॅकसारखा घड्यांचा डबा असतो किंवा डाळिंबाच्या आकाराचा बल्ब. दोन ड्रेन असतील तर नळीवर चिकटपट्टी लावून १ आणि २ लिहा, चार्टही वेगळे. रोज ठरलेल्या दोन वेळांना, समजा सकाळी ८ आणि रात्री ८. क्रम असा: हात धुवा, नळीवरचा चाप लावा, मग झाकण उघडा, मापाच्या भांड्यात ओता, झाकणाचं तोंड स्पिरिटने पुसा, डबा पूर्ण दाबून हवा काढा, दाबलेल्या अवस्थेतच झाकण लावा, शेवटी चाप सोडा. चाप न लावता झाकण उघडलं की नळीतलं पाणी आणि बाहेरची हवा उलटी आत ओढली जाते. डब्यावरच्या खुणा बघून आकडा लिहू नका. घड्या दाबलेल्या असताना त्या खुणा चुकतात.

रंग लाल, मग गुलाबी, मग गवती चहासारखा पिवळट, हा नेहमीचा प्रवास. पिवळट झालेलं पुन्हा ताजं लाल झालं, तासाभरात डबा भरला, छाती टणक झाली, तर आत रक्तस्राव. पिवळट पाणी गढूळ किंवा वासाचं झालं तर संसर्ग. आकडा काल ८० आणि आज अचानक ५ झाला तर आनंद मानू नका, गुठळीने नळी बंद झालीय. कातडीजवळ नळी एका हाताने घट्ट धरा, दुसऱ्या हाताची बोटं स्पिरिटने ओली करून डब्याच्या दिशेने सरकवत दाबा. आधाराचा हात सुटला तर टाका ओढला जातो. डबा दाबूनही लगेच फुगत असेल तर नळीचं एखादं भोक कातडीबाहेर आलंय. ती नळी आत ढकलायची नाही, कधीच नाही. बाहेर आलेला भाग बाहेरच्या जंतूंसकट आत जातो.

ड्रेन काढायचा सलग दोन दिवस २४ तासांत ३० मिलीच्या खाली आल्यावर, काही सर्जन २० म्हणतात. कार्डावर आकडा असेल तो पाळा. इम्प्लांटच्या बाजूचा ड्रेन मात्र सर्जनला विचारल्याशिवाय काढू नका.

डबा लटकवायला कापडी पिशवी शिवून कमरेला बांधायला सांगा, छातीच्या खाली राहील अशी. साडीच्या काठाला सेफ्टी पिनने टोचलेला डबा उठताना हमखास ओढला जातो. पोटाचा फ्लॅप असेल तर परकराची नाडी नेमकी नव्याने बसवलेल्या बेंबीवर किंवा तिच्या जरा खाली काचते, तिथली कातडी ओली राहून टाके उसवतात. दीड महिना गाऊनच. पोटाचा टाका मध्यभागी सर्वात ताणलेला, म्हणून पहिले दहा-बारा दिवस कमरेत किंचित वाकून चालायचं, झोपताना गुडघ्याखाली उशी. बायकांना घरचे 'सरळ चाल' म्हणत राहतात, त्या घरच्यांनाही समोर बसवून सांगावं लागतं.

आणि शेक. बधिर कातडीवर गरम पाण्याची पिशवी ठेवली तर तिला भाजल्याचं कळतच नाही. फोड येतात, आणि खाली इम्प्लांट असेल तर तो भाजलेला फोड म्हणजे जंतूंना उघडं दार. बर्फही तसाच नको. हळद-तेलाचा लेप, आंबेहळद, टाक्यांवर पावडर, सगळं बंद. उघड्या जखमेत हायड्रोजन पेरॉक्साइड आणि सॅव्हलॉन ओतायची सवय सोडा, नव्याने येणारं मांस त्याने जळतं. साधं नॉर्मल सलाईन पुरतं. आत गॉज भरला तर संख्या कार्डावर लिहा, दुसऱ्या दिवशी तेवढेच बाहेर आले का मोजा. हा नियम बिनडोक वाटतो आणि तरीही लागतो.

जुनीओपीडी

ड्रेन आत असेपर्यंत अँटिबायोटिक, हा कित्येक कार्डांवरचा नियमच आहे. सेफॅलेक्सिन ५०० दिवसातून चार वेळा, ड्रेन निघेपर्यंत. उघडी नळी शरीरात असताना ते बंद करायचा सल्ला कोणी देत असेल तर पटत नाही. शिवाय आमच्याकडे धूळ, गोठा, दमट हवा.

पेट्रीडिश

@जुनीओपीडी, भीती समजते. पण चीर घेण्याआधी ६० मिनिटांच्या आत सेफॅझोलिन २ ग्रॅम, ऑपरेशन लांबलं तर चार तासांनी परत, हे प्रतिबंधाचं मुख्य काम. स्वच्छ ऑपरेशनात टाके घातल्यावर पुढचे डोस देऊ नयेत, ड्रेन असला तरी, असं अमेरिकेच्या सीडीसीने २०१७ च्या सूचनांत सांगितलं. पुनर्रचनेचे बरेच सर्जन तरीही २४ तास किंवा ड्रेन निघेपर्यंत देतात, वाद मिटलेला नाही. म्हणून तुमच्या जागी: कार्डावर लिहिलंय ते बंद करू नका, लिहिलेलं नाही ते स्वतःहून सुरू करू नका. गोठ्याच्या धुळीवर उपाय बंद ड्रेन आणि कोरडं ड्रेसिंग. आठवडाभर चाललेल्या गोळ्यांखाली जो जंतू उरतो तो त्या गोळ्यांना न जुमानणारा असतो, एवढंच त्यातून हाती लागतं.

आता कल्चर. ड्रेनच्या डब्यातलं पाणी पाठवू नका, दोन-तीन दिवसांत त्या डब्यात जंतू राहायला आलेले असतात. ड्रेन काढल्यावर त्याचं टोक कापून पाठवायची पद्धतही निरुपयोगी. खपलीवरून फिरवलेला स्वॅब कातडीचेच जंतू दाखवतो. उघडी जखम असेल तर आधी सलाईनने धुवा, मेलेलं पुसून घ्या, मग जिवंत दिसणाऱ्या एक चौरस सेंटिमीटर भागावर स्वॅब पाच सेकंद दाबून फिरवा, म्हणजे आतलं पाणी वर येतं. सर्वात चांगलं म्हणजे साठलेलं पाणी किंवा ऊतीचा तुकडा, निर्जंतुक बाटलीत. कोरडा पडू नये म्हणून दोन थेंब सलाईन. फॉर्मॅलिनमध्ये घातलेला तुकडा कल्चरसाठी मेला, तरीही असे तुकडे लॅबमध्ये येत राहतात. शक्य असेल तर अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी घ्या.

नेहमी सापडणारे म्हणजे स्टॅफिलोकोकस ऑरियस, एपिडर्मिडिस, आणि ओलसर जागी सुडोमोनास. पण एक वेगळाच गडी आहे. ऑपरेशन होऊन तीन-चार आठवडे किंवा दोन महिने झाले, टाके भरले होते, आता बारीक भोक पडून पाण्यासारखा स्राव येतोय, ताप नाही, नेहमीचं कल्चर 'नो ग्रोथ', दोन कोर्स देऊनही तसंच. हे नळाच्या पाण्यात राहणारे मायकोबॅक्टेरिया: फॉर्च्युइटम, चेलोनी, ॲबसेसस. लॅबच्या चिठ्ठीवर 'एएफबी स्टेन आणि एनटीएम कल्चर, लवकर टाकून देऊ नये' असं स्पष्ट लिहा (एएफबी म्हणजे आम्लाने रंग न सुटणारे, टीबीच्या कुळातले जंतू; एनटीएम म्हणजे त्यातले टीबीखेरीजचे). न सांगता दिलं तर प्लेट ४८ तासांनी कचऱ्यात जाते.

इथे सर्रास होणारी चूक: एएफबी दिसले म्हणजे टीबी समजून एकेटी (टीबीची औषधं) सुरू करणं. सीबीनॅट फक्त टीबीचा जंतू ओळखतं, ते निगेटिव्ह आलं तर हे जंतू नाहीत असा अर्थ होत नाही. आणि आयसोनियाझिड, पायराझिनामाइड यांना ते दाद देत नाहीत. जंतूची जात आणि संवेदनशीलता बघून क्लॅरिथ्रोमायसिन, अमिकासिन वगैरे, महिनोन्‌महिने, आणि इम्प्लांट असेल तर जवळजवळ नेहमीच तो काढून. ड्रेसिंगरूमपुरती शिकवण म्हणजे जखम नळाच्या पाण्याने धुवायची नाही आणि उपकरणं उकळून नळाखाली खंगाळायची नाहीत.

सुईदोरा

सुईचा प्रश्न राहिला होता. पोटाच्या किंवा पाठीच्या, म्हणजे जिथून मांस घेतलं त्या जागेच्या सेरोमामध्ये (कातडीखाली साठलेल्या पाण्यात) सर्जनला विचारून १८ नंबरच्या सुईने, पूर्ण निर्जंतुक पद्धतीने पाणी काढता येतं. किती मिली, कोणता रंग ते लिहा, नंतर पट्टा. चार-पाच दिवसांनी परत तेवढंच भरलं आणि तिसऱ्यांदाही, तर पुन्हा ड्रेन लागेल.

छातीवर, खाली इम्प्लांट किंवा एक्सपांडर असताना, अंदाजाने सुई घालू नका. एक्सपांडर फुटला तर भरलेलं सलाईन निघून जातं, आकार बसतो, आणि बाहेरचा जंतू आत गेलेला असतो. ते पाणी सोनोग्राफीखाली, पोर्टची (एक्सपांडरमध्ये सलाईन भरायच्या तोंडाची) जागा माहीत असलेल्याने काढायचं. सोनोग्राफी तालुक्याला होत असेल तर मात्र करून घ्या: इम्प्लांटभोवती पाणी आहे की नाही एवढं लिहून आलं तरी पुढच्याचा अर्धा दिवस वाचतो.

मधुमेह असेल तर ऑपरेशननंतरची साखर १८० च्या आत ठेवायचा प्रयत्न हवा. फक्त एचबीए१सी बघून सोडू नका, तो मागच्या तीन महिन्यांचा हिशोब.

तालुका_ओपीडी

खूप उपयोगी. दोन गोष्टी अजून. जखम पूर्ण भरली नाही आणि केमोची तारीख आलीय, तेव्हा काय? आणि ऑपरेशनला वर्षं उलटलेल्या एखाद्या बाईच्या एकाच बाजूला अचानक सूज आली, तर तीही संसर्गच समजायची का?

सुईदोरा

केमोला ऑन्कॉलॉजिस्ट आणि सर्जन दोघांना एकाच फोनवर घ्या. वरवरची, कोरडी, भरत आलेली जखम सहसा केमो अडवत नाही. इम्प्लांटभोवती संसर्ग असेल तर तो वाचवण्यात आठवडे घालवण्यापेक्षा काढून टाकून केमो वेळेवर देणं बरं. ऑपरेशननंतर ९० दिवसांपलीकडे केमो लांबली तर कॅन्सरचा निकाल बिघडतो, ट्रिपल निगेटिव्हमध्ये (दोन हार्मोनच्या आणि हर-टूच्या, तिन्ही तपासण्या निगेटिव्ह आलेल्या कॅन्सरमध्ये) जास्त. इम्प्लांट काढल्यावर साधारण तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा बसवता येतो. रेडिएशन मध्ये आलं तर त्याहून उशिरा. रडत येतात तेव्हा हे नक्की सांगा, की काढलं म्हणजे कायमचं गेलं असं नाही.

केमो सुरू झाल्यावर सात ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला असतात. पू या पेशींचाच बनतो, त्यामुळे संसर्ग असूनही पू येणार नाही. थोडी लाली आणि ताप, बस्स. त्या दिवसांतला १००.४ चा ताप म्हणजे सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक.

वर्षांनी आलेली एका बाजूची सूज वेगळी. खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटभोवती क्वचित एक लिम्फोमा होतो, बहुधा बसवल्यावर आठ-दहा वर्षांनी, आणि पहिलं लक्षण असंच पाणी साठणं. अ‍ॅलर्गनने बायोसेल जातीचे इम्प्लांट जुलै २०१९ मध्ये जगभरातून परत मागवले ते याच कारणाने. ते पाणी सोनोग्राफीखाली काढून सायटॉलॉजी (पेशींची तपासणी) आणि सीडी३० (या लिम्फोमाची खूण) बघायला जायला हवं. तिला गोळ्या देऊन घरी पाठवू नका. फ्लॅपमध्ये काही महिन्यांनी कडक गाठ लागली तर ती बरेचदा मेलेली चरबी असते, पण तेही सोनोग्राफी आणि गरज पडल्यास बायोप्सीनेच ठरतं.

आणि एमआरआय लिहिण्याआधी कार्ड बघा. बहुतेक एक्सपांडरच्या पोर्टमध्ये चुंबक असतो, त्या बाईला मशीनमध्ये घालायचं नाही. सोनोग्राफी, सीटी चालतं.

वॉर्डसिस्टर

पाठवताना सोबत द्यायचं: कार्डाची झेरॉक्स, ड्रेन चार्ट, कोणतं औषध किती डोस आणि पहिला डोस कधी, पेनाची रेघ पुसू न देता. फोटो दिवसाच्या उजेडात, दोन्ही बाजू एकत्र, शेजारी मोजपट्टी ठेवून, चेहरा न घेता. आणि निघताना चहा-बिस्किटं देऊन पाठवायची आपली जी माया असते ती आवरा. पोचल्या पोचल्या ऑपरेशनला घ्यावं लागू शकतं, खाल्लेलं असेल तर सहा तास थांबावं लागतं. मधुमेहाची असेल तर उपाशी असताना इन्सुलिन देऊ की नको ते सर्जनला आधी विचारा, वाटेत साखर बघायची पट्टी सोबत द्या, आणि शेवटचं खाणं किती वाजता झालं ते चिठ्ठीच्या वरच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरात लिहा.